गहू सोडण्याआधी रक्त तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गोळ्या घेऊनही रक्त न वाढणाऱ्यांची सिलिॲक आजारासाठी तपासणी करण्याबाबत.

महोदय,

आपल्या खात्यातर्फे वाटल्या जाणाऱ्या लाल गोळीबद्दल हे पत्र आहे, पण ते तक्रारीचं नाही. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात शाळकरी पोरांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी आणि बायकांना लाल अशी रंगांची वाटणी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. चौथ्या फेरीत हाच आकडा ४८ होता. पुरुषही सुटलेले नाहीत, त्यांच्यात तो २२च्या आसपास आहे. एवढ्या गर्दीपुढे स्वस्त आणि साधी गोळी हाच पहिला उपाय असणार. मला बोलायचं आहे ते या गर्दीतल्या एका लहान गटाबद्दल. ही माणसं गोळी नेमाने घेतात आणि तरी त्यांचं हिमोग्लोबिन जागचं हलत नाही.

त्यांना मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. गोळ्या घेत नसशील. पाळीत जास्त जात असेल. जेवणावर चहा पितेस का? पोटात जंत असतील. यातलं प्रत्येक कारण कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरं असतं, म्हणून तर ती उत्तरं टिकून आहेत. पण आतडं लोह आत घेतच नसेल, ही शक्यता फार उशिरा कुणाच्या तरी मनात येते. पुरुषाचं रक्त कमी निघालं की डॉक्टर लगेच विचारतात, कुठून जातंय. बाईचं कमी निघालं की विचारायचं काही उरलंच नाही असं सगळे धरून चालतात, ती बाई स्वतःसुद्धा.

मी तळेगाव दाभाड्यात राहते. नवलाख उंबऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करते. चाळिशीनंतर माझं रक्त कमी निघालं, वर सतत तोंड येणं आणि पहिल्या पाळीला उठताना अंगात जीव नसणं. पोटाची म्हणावी अशी तक्रार नव्हती. थोडा गॅस, तो तर आमच्या शॉप फ्लोअरवर सगळ्यांनाच असतो. जुलाब नाहीत, वजन घटलेलं नाही. अशा माणसाला सिलिॲक असू शकतो हे मला एका पोटविकारतज्ज्ञांकडून कळलं. तोवर हा शब्द मी परदेशी बिस्किटांच्या पुड्यावर सोडून कुठे पाहिलेला नव्हता.

हा आजार काय करतो ते थोडक्यात सांगते. गहू, जव आणि युरोपात पिकणारं राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो तो त्याच्यामुळे. ठराविक जनुकं असलेल्या काही माणसांचं शरीर या प्रथिनाला शत्रू समजतं आणि लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करतं. अस्तरावर अन्नरस शोषणारे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. नुकसान सर्वांत जास्त होतं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि शरीर लोह शोषून घेतं ते नेमकं तिथेच. म्हणजे गोळी पोटात जाते आणि जिथे ती उपयोगी पडायची ती जागाच निकामी झालेली असते. आपल्याकडे ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू पडतं. पुढे कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि हाडं ठिसूळ होतात. काही बायकांना दिवस राहत नाहीत, राहिले तर टिकत नाहीत. कुणाच्या कातडीवर खाजरे फोड येतात, कुणाचं यकृताचं रक्त बिघडलेलं येतं आणि दारूला न शिवणाऱ्या माणसाकडे घरचे संशयाने बघू लागतात.

हा लहान मुलांचा आजार आहे, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. वाढ खुंटलेलं, पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या झालेलं मूल हे त्याचं पुस्तकातलं चित्र. पण भारतातल्या प्रौढांमधल्या सिलिॲकवर दिल्लीच्या डॉक्टरांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६६ साली छापून आला होता, उत्तर भारतीय मुलांवरचा लेखही आला त्याच वर्षी. पन्नाशीत, साठीतही हे निदान होतं. साठ वर्षं ही माहिती छापील स्वरूपात पडून आहे, ती तालुक्याच्या ओपीडीपर्यंत पोचायला आणखी किती लागावीत?

आता तपासणीबद्दल. ती अवघड नाही, पण तिला एक क्रम आहे आणि या पत्राचा सगळा भर त्या क्रमावर आहे. पहिली पायरी रक्ताची. टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडं मोजतात आणि सोबत ती ज्या जातीची असतात त्या आयजीएचं एकूण प्रमाणसुद्धा, कारण सिलिॲक असलेल्या शंभरातल्या दोन-तीन जणांच्या रक्तात आयजीएच मुळात नसतं. अशा माणसाची पहिली तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येते. या तपासणीमागचा शोध १९९७ सालचा, जर्मनीतला. दुसरी पायरी दुर्बिणीची. रात्रीपासून उपाशी राहायचं, सकाळी घशात सुन्न करणारा फवारा मारतात, जीभ आपली नसल्यासारखी जड होते आणि तोंडावाटे नळी आत जाते. हवं असेल त्याला झोपेचं इंजेक्शन देतात. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-पाच ठिकाणचे बारीक तुकडे काढतात, कारण बिघाड ठिगळाठिगळाने असतो आणि एकच तुकडा नेमका चांगल्या जागेचा येऊ शकतो. तुकडे काढताना दुखत नाही. नळी जाताना उमासे येतात, तेवढं खरं. मग सूक्ष्मदर्शकाखाली अंकुर किती झिजलेत ते पाहून मार्श नावाच्या पट्टीवर त्याची प्रत ठरवतात. या पट्टीचं काम माझ्या ओळखीचं निघालं; दोषाला श्रेणी दिल्याशिवाय आमच्याकडेही अहवाल पुढे जात नाही.

रक्तात आलं तर वर दुर्बीण कशाला, असं मीही विचारलं होतं. मुलांच्या बाबतीत रक्तातला आकडा वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल आणि दुसऱ्या एका प्रतिपिंडाने दुजोरा दिला असेल, तर तुकडा न काढता निदान करायला युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० साली मान्यता दिली. प्रौढांमध्ये मात्र सहसा तुकडा तपासतातच. आपल्या देशात तर त्याची गरज जास्त. जियार्डियासारख्या परजीवीमुळे, ट्रॉपिकल स्प्रू नावाच्या उष्ण प्रदेशातल्या आजारामुळेही अंकुर झिजतात. त्यांचा इलाज वेगळा, काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. सिलिॲकचं पथ्य जन्मभराचं. जन्मभर पुरणपोळी बंद करायची तर पुरावाही तेवढा पक्का हवा.

आणि आता क्रमाचा मुद्दा. रक्त आणि दुर्बीण दोन्ही होईपर्यंत गहू सोडायचा नाही. प्रतिपिंडं तयार होतात ती ग्लूटेन पोटात जातं म्हणून. गहू बंद केला की काही महिन्यांत ती उतरतात, अस्तरही हळूहळू भरून येतं, आणि आजार अंगात असूनही कागद कोरा येतो. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेची सूचना अशी आहे की तपासणीआधी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन असायला हवं. मला हे सांगितलं तेव्हा विचित्र वाटलं होतं. ज्या चपातीवर संशय, तीच रोज खायची? कारखान्यात मात्र आम्ही दुसरं काय करतो? सुटा भाग मापात बसत नसेल तर आधी नमुना बाजूला काढायचा, मोजायचा, नोंद करायची आणि मगच यंत्राची सेटिंग हलवायची. ऑपरेटरने घाईघाईत सेटिंग फिरवली की पुढचे भाग कदाचित बरे येतात, पण दोष कुठला होता हे कुणालाच कळत नाही आणि पुढच्या पाळीत तो परत उभा राहतो.

सध्या सगळीकडे हीच सेटिंग आधी फिरवली जाते. वजन कमी करायचं, गहू सोडा. गुडघे दुखतात, गहू सोडा. थायरॉइड, ॲसिडिटी, तोंडावर मुरूम, सगळ्यावर हा एकच उतारा. जिममधले ट्रेनर सांगतात, मोबाइलवर व्हिडिओ सांगतात, गाडीत शेजारी बसलेली बाई सांगते. आमच्या लोणावळा लोकलच्या लेडीज डब्यात तर पुण्यापासून तळेगावपर्यंत अख्खं आहारशास्त्र शिकवून होतं. त्यातल्या बहुतेकांना सिलिॲक नसतो. गहू सोडून बरं वाटतं ते बिस्किटं, खारी आणि वडापाव सुटल्याने, किंवा गव्हातल्या एखाद्या कर्बोदकाने होणारा गॅस थांबल्याने. त्यांचं नुकसान फारसं नाही. ज्या थोड्यांना खरंच सिलिॲक असतो त्यांचं नुकसान होतं. बरं वाटतं, म्हणून तपासणी होत नाही. तपासणी नाही, म्हणून आजाराला नाव नाही. नाव नाही, म्हणून सणावाराला ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणत गहू परत पोटात जातो. भाऊबहिणींना, मुलांना कुणी तपासत नाही. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार साडेसात टक्क्यांच्या आसपास सापडतो हे माहीत असूनही.

माझ्या ओळखीतल्या एकीने असाच गहू सोडला आणि वर्षभराने तपासणीला गेली. रक्त नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आता परत गहू सुरू करून काही आठवड्यांनी या. रोज एक-दोन चपात्यांएवढा तरी हवा. ती पहिल्या आठवड्यातच पोट धरून बसली आणि परत गेलीच नाही. तिला आजार आहे की नाही, हे आजही कुणी सांगू शकत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत टाळता येण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती टाळायला पैसा लागत नाही. एक वाक्य लागतं.

गहू हेच कारण हे जगाला कसं कळलं ती कहाणी मला फार आवडते, म्हणून विषयाला थोडी सोडून सांगते. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. काही मुलांना गहू बाधतो असा संशय त्यांना १९३०च्या दशकापासूनच होता. दुसऱ्या महायुद्धातला शेवटचा हिवाळा, १९४४-४५, तिथे उपासमारीचा गेला. पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना त्यांच्याकडची सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी त्यावर न थांबता मोजमापं घेऊन प्रयोग केले आणि १९५० साली उट्रेख्टला प्रबंध सादर केला. काढलं तर बरं, घातलं तर बिघडलं, दोन्ही बाजूंनी पडताळा. व्हिडिओवाल्या मंडळींकडे यातली पहिली बाजूच असते.

आता हे पत्र तळेगावातून का, ते सांगते. भारतातल्या सिलिॲकचा सर्वांत मोठा लोकवस्तीतला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तीन भागांतल्या २३,३३१ निरोगी वाटणाऱ्या प्रौढांचं रक्त त्यात तपासलं गेलं. प्रतिपिंडं सापडली उत्तरेत १.२३ टक्के लोकांत, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखी, ३१ ते ३८ टक्के लोकांत. मोठा फरक होता ताटातल्या गव्हात : उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. तिन्ही भागांत महाराष्ट्र नव्हता. आणि आपण या तिघांपैकी कुठे बसतो? दोन पिढ्यांपूर्वी घाटावर ज्वारी-बाजरी, मावळ-कोकणात भात आणि नाचणी. आज रेशनवर गहू, डब्यात चपाती, नाश्त्याला रव्याचा उपमा, टपरीवर चहासोबत क्रीमरोल. भाकरी केली की आमच्या घरी त्याला ‘आज बेत आहे’ म्हणतात.

त्यात आमचा हा पट्टा. चाकण, महाळुंगे, तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे. इथे असेंब्ली लाइनवर उभी असणारी पोरं बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशातून आलेली आहेत, आणि मराठवाडा-विदर्भातून. उत्तरेतला शंभरातल्या एकाचा हिशोब त्यांनी गावी सोडून यावा अशी काही व्यवस्था नाही. पाच-सहा जण एका खोलीत, जेवण मेसमध्ये किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये, तिथे दोन्ही वेळा पोळीच. अशा पोराला दम लागतो, चक्कर येते, पण कंत्राटी नोकरीत खाडा पडला की दिवसाचा पगार जातो. तो मेडिकलमधून टॉनिकची बाटली घेतो आणि कामावर येतो. बहुतेकांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात. म्हणजे ही तपासणी त्यांच्या हक्कात बसायला हरकत नाही. ती कुणीतरी लिहून द्यायला हवी, एवढंच. चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विम्याचं रुग्णालय आहे. तिथल्या आणि दवाखान्यांतल्या डॉक्टरांपर्यंत ही सूचना जावी, यासाठी आपला शब्द पुरेसा आहे.

प्रत्येकाला तपासा, असं मी म्हणत नाही. तेवढा पैसा नाही आणि गरजही नाही. मागणी अगदी अरुंद आहे. ज्यांच्यात लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया आहे अशा लोकांचे जगभरातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा साधारण ३१ जणांत एकाला तुकड्याच्या तपासणीत सिलिॲक निघाला. यात गोळीने सुधारणारेही आले. गोळी घेऊनही न सुधारणाऱ्यांतच शोधलं तर सापडण्याची शक्यता आणखी वाढते. आणि हा गट वेगळा काढायची चाळणी आपल्या कार्यक्रमात आधीच आहे : गोळ्या घेऊनही महिनाभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही, तर रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवा. वर पाठवल्यावर काय शोधायचं, त्या यादीत टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या दोन नावांची भर घाला. टाइप १ मधुमेह असलेले, सिलिॲकच्या रुग्णाचे भाऊ-बहीण आणि मुलं, कारण न सापडता वारंवार गर्भ पडणाऱ्या बायका, यांनाही त्याच यादीत घ्या. सरकारी रुग्णालयात घेतलेलं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची सोय २०१७ पासून महालॅबच्या रूपाने उभी राहिली आहे. हे नमुने त्याच वाटेने जाऊ शकतात. खासगीत हीच तपासणी हातावर पोट असलेल्या माणसाला झेपत नाही, आणि ज्याला झेपते त्याला ती कुणी सांगत नाही.

दुसरी मागणी आशाताईंच्या प्रशिक्षणाबाबत. घरोघरी जाणारी तीच असते. ‘गव्हाने त्रास होतो, म्हणून मी बंद केला,’ असं एखादी बाई म्हणाली तर आशाताईने तिला आधी आरोग्य केंद्रात रक्ताला पाठवावं. तिसरी मागणी मोजणीची. तळेगावात १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं ग्रामीण रुग्णालय आहे, आणि आजूबाजूला देशभरातून आलेले तरुण कामगार आहेत. महाराष्ट्राचा आकडा काढायला याहून सोयीची जागा सापडणार नाही. शंभर वर्षांपूर्वी इथली हवा चांगली म्हणून आजारातून उठलेली माणसं विश्रांतीला यायची. आता हवेचं काही सांगता येत नाही, पण मोजायला माणसं भरपूर आहेत.

निदान झाल्यावर पुढे काय, याची भीती बहुतेकांना वाटते, म्हणून तेही सांगते. या आजारावर औषध नाही, पथ्य आहे, आणि महाराष्ट्रात ते पाळणं पंजाबपेक्षा कितीतरी सोपं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा सगळं चालतं. आमच्याकडे आषाढीचा अख्खा फराळ चालतो. तळेगावपासून चार-पाच किलोमीटरवर वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ साली इंद्रायणी तांदूळ तयार झाला, तो आता माझ्या दोन्ही वेळच्या ताटात असतो. ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेली महागडी पाकिटं घेतलीच पाहिजेत असं नाही. घेतलीच तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असलेल्या पदार्थालाच ते नाव लावता येतं, हे ठाऊक असावं.

फसगत होते ती भलत्याच ठिकाणी. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. गिरणीवाल्याला सकाळी पहिलं दळण आपलं घ्यायला सांगावं लागतं, किंवा घरघंटी घ्यावी लागते. बाजारातल्या बांधानी हिंगात बरेचदा मैदा असतो, म्हणजे फोडणी घातलेलं साधं वरणही गेलं. सातूच्या पिठात भाजलेला गहू असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. ही यादी मला कुठल्याही छापील कागदावर मिळाली नाही. एक माझ्या जावेने सांगितली, एक गिरणीवाल्याने, एक चुकून खाल्ल्यावर पोटाने. खात्याने मराठीत एक पानभर छापावी, फार मोठं काम होईल. ती छापताना शहरातल्या आहारतज्ज्ञांसोबत एखाद्या गिरणीवाल्यालाही विचारावं.

कारखान्यांबद्दल एक शेवटचं. २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन असावं, हे १९४८च्या कारखाने कायद्याने आणलं. त्या कँटीनमध्ये आठवड्यातून काही दिवस भाकरी ठेवणं अशक्य नाही. आमच्याकडे विचारून पाहिलं तर ठेकेदार म्हणाला, भाकरी थापायला बाया लागतात, चपातीचं यंत्र येतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. भात मात्र रोज असतोच, आणि आमटीच्या फोडणीत कुठला हिंग पडतो एवढं त्याने फळ्यावर लिहायचं कबूल केलं आहे.

परिपत्रक काढलंत तर ते इंग्रजीत अडकू नये, ही विनंती. रक्त न वाढण्याचा मुद्दा डॉक्टरांसाठी आहे, तो त्यांच्या भाषेत असू द्या. पण आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागणाऱ्या पत्रकात, ठळक अक्षरांत, मराठीत आणि आमच्या भागात हिंदीतही, एवढं असावं : ‘गव्हाचा त्रास वाटतो? आधी रक्त तपासा. तपासणी पूर्ण होईपर्यंत चपाती चालू ठेवा.’ मावळ तालुक्यात तो कागद लावायला माणसं कमी पडली तर आमच्या विभागातल्या चार-पाच जणी रविवारी मोकळ्या असतात.

कळावे,
आपली नम्र,
एक तळेगावकर